डाग न पडणारं तेल

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी मिस्त्री गाडीखाली उताणे पडून एका थेंबाची वाट पाहत होते. पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती, डाव्या हातात टॉर्च होता आणि उजव्या कानामागे पेन्सिल. गिअरबॉक्सच्या बाजूला एक रबरी टोपी लोंबत होती. तिच्या खालच्या कडेला थेंब जमत होता, फुगत होता, पण सुटत नव्हता. सहा चोपन्नला सुटला. मिस्त्रींनी कागदावर त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी वेळ लिहिली.

कागद म्हणजे गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान, उलटं घातलेलं. बेअरिंग विकणारा एक दुकानदार दर वर्षी हे कॅलेंडर वाटतो आणि त्याची मागची बाजू कोरी असते. मिस्त्री तेवढ्यासाठीच ते मागून आणतात. गळणारी कोणतीही गाडी आली की ती रात्रभर पानावर उभी राहते आणि मिस्त्री सकाळी पान वाचतात. इंजिनचं ऑइल काळं, गिअरबॉक्सचं मधासारखं, रेडिएटरचं पाणी हिरवट. गळती कुठून आणि किती, हे डाग सांगतात. कसला डाग आहे हे मात्र गाडीच्या मालकाला विचारून उपयोग नसतो, असं मिस्त्रींचं एक्केचाळीस वर्षांचं मत आहे. मालक म्हणतो, "थोडंसं गळतंय." थोडंसं म्हणजे चमचाभर की बादलीभर, ते कागदालाच माहीत.

या पानावर रात्रीत अकरा डाग पडले होते. ड्रायव्हरच्या पायाखालची चटईसुद्धा ओली होती. म्हणजे गळती दोन्ही टोकांना होती.

गाडी चौपन्न वर्षांची, चार दारांची, ढगासारख्या करड्या रंगाची. तिचा क्लच तारेवर चालत नाही, द्रवावर चालतो. पेडल दाबलं की बॉनेटखालच्या एका छोट्या सिलिंडरातला दट्ट्या पुढे सरकतो. हा मास्टर. तो बारीक नळीतून ब्रेक ऑइल ढकलतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सला लटकलेल्या खालच्या सिलिंडरातला दट्ट्या त्या जोरावर क्लच सोडवतो. दोन्हीकडे ऑइल अडवून धरायला रबराचे कप असतात, औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढे. ते कप धड असतील तर गाडी गिअर बदलते. नसतील तर बाराशे किलोची गाडी आहे तिथे उभी राहते आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात.

गेल्या पाच महिन्यांत ही गाडी याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा आली होती. शेजारचा पंक्चरवाला तिला येताना पाहून म्हणाला होता, "मिस्त्री, ही बरी दर दोन-अडीच महिन्यांनी माहेरपणाला येते!"

बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. गाडी मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीची होती.

ताईंचं वय एकाहत्तर, मिस्त्रींचं त्रेसष्ट. वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. त्या वर्षापासून त्यांनी घरातल्या शिवणयंत्रावर गल्लीभरचे कपडे शिवले. धाकट्या भावाचं पुस्तकात लक्ष नाही हे ओळखून पंधराव्या वर्षी त्याला एका गॅरेजात शिकायला घातलं. पहिले पाने मिळाले तेव्हा ताईंनी प्रत्येक पान्याचं माप घेऊन जाड कापडाची, बावीस खणांची एक गुंडाळी शिवून दिली. ती अजून वापरात आहे. दोनदा नाड्या बदलल्या, शिवण एकदाही उसवली नाही.

आता ताई शहराबाहेरच्या एका कार्यशाळेत जातात. तिथे कृत्रिम हात-पाय बनतात. पायाचा साचा दुसरे बनवतात, पण आतलं मऊ अस्तर आणि कमरेला बांधायचा पट्टा ताई शिवतात, आणि माणूस समोर बसवून शेवटचं मापही त्याच घेतात. कार्यशाळा चौदा किलोमीटरवर आहे. बसने जायचं तर दोन बस, मध्ये अर्ध्या तासाचा खोळंबा, आणि पायऱ्या अशा उंच की ताईंच्या शब्दांत, "बसमध्ये चढेपर्यंत माझाच पाय बदलायची वेळ येईल." नवरा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्या त्याच्या गाडीने जातात. पहिला माणूस नऊ वाजता मापाला बसतो. ताईंना उशीर झाला तर तो पाय मांडीवर घेऊन वाट पाहत राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी भाजीबाजाराच्या चढावर पेडल जमिनीला टेकलं आणि वर आलंच नाही. मागे बस होती. दोन हमाल आणि एक फळवाला यांनी गाडी कडेला ढकलली. त्यातल्या कुणीतरी ताईंच्या फोनवरून त्यांच्या मुलाला कळवलं आणि मुलगा तडक गॅरेजवर आला.

मुलगा लिफ्टची तपासणी करतो. इमारतीतली लिफ्ट चालवायची की बंद ठेवायची, हे त्याच्या सहीवर ठरतं. बोलणं हळू, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"मामा, आमच्याकडे एक नियम आहे," तो म्हणाला होता. "एकच बिघाड तीनदा आला आणि कारण सापडलं नाही, तर लिफ्टला कुलूप."

"ही लिफ्ट नाहीये रे."

"लिफ्ट असती तर बरं होतं. लिफ्टच्या मागे बस हॉर्न वाजवत नाही."

"वेळ तर दे."

"सोमवारी आईला सुटी असते. सोमवारी पाचला येतो. तोवर झालं तर ठीक. नाहीतर जुन्या गाड्या जमवणारा एक जण ही मागतोच आहे, मंगळवारी सकाळी त्याच्याकडे पोचवतो. आईला बस आहे."

"तिला विचारलंस?"

"तिला विचारलं तर ती हो म्हणेल का?"

शनिवार-रविवार आधी कबूल केलेल्या गाड्या पुऱ्या करण्यात गेले होते. आज तो सोमवार होता.

सात वाजता मिस्त्रींनी दोन्ही सिलिंडर उतरवायला घेतले. गॅरेज म्हणजे पत्र्याखालची दोन गाड्यांची जागा, मागच्या भिंतीला लाकडी टेबल, टेबलाला शिकंजा आणि वर एक खिडकी. खिडकीचा उजेड सकाळी टेबलावर पडतो, म्हणून बारीक कामं सकाळी. मास्टरच्या दट्ट्याची दांडी पेडलला एका पिनेने जोडलेली असते. ती पिन काढायला ड्रायव्हरच्या जागी डोकं खाली आणि पाय सीटवर, असं उलटं शिरावं लागतं. त्रेसष्टाव्या वर्षी मिस्त्री हे करतात, पण आधी कंबरेला पट्टा बांधतात. पट्टाही ताईंनीच शिवलेला आहे.

पाच महिन्यांपूर्वी, पहिल्यांदा, त्यांनी मास्टर उघडला होता. रबर जुनं होऊन कडक झालं होतं. त्यात नवल नव्हतं. नवे कप घातले, गाडी तीन रात्री कागदावर उभी केली, कागद कोरा निघाला. ताईंना ब्रेक ऑइलचा एक डबा दिला आणि सांगितलं, पातळी रेषेच्या खाली गेली तर भर. दुसऱ्यांदा गळती खालच्या सिलिंडरातून आली. त्यांनी तिथला कप बदलला. मास्टर मात्र उघडला नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आपल्याच हाताने केलेलं काम, तिथे काय बघायचं? इतर कुणी केलेलं असतं तर त्यांनी ते आधी उघडलं असतं.

आता मास्टर शिकंजात होता. तोंडाची कडी काढली, की दट्ट्या स्प्रिंगने बाहेर यायला हवा. आला नाही. पक्कडीने ओढून काढावा लागला. त्याच्यावरचा कप मिस्त्रींनी पुसला, बोटांत फिरवला आणि खिडकीजवळ नेला. कप कडक नव्हता, फाटलेला नव्हता, झिजलेलाही नव्हता. फुगला होता. मूळची धारदार कड गुबगुबीत झाली होती. किटच्या पुडीतून नवा काढून त्यांनी दोघांची मापं घेतली. नवा एकोणीस मिलिमीटर, हा जवळजवळ एकवीस. पाण्यात रात्रभर पडलेल्या साबणासारखा बुळबुळीत.

पाच महिन्यांच्या कपाची ही दशा आपसूक होत नाही. रबर फुगतं ते चुकीचं काहीतरी प्यायल्यावर.

त्यांनी डबीत, म्हणजे मास्टरच्या डोक्यावरच्या छोट्या टाकीत, बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. ब्रेक ऑइलचा वास उग्र, जरा माशासारखा. हा वास तसा नव्हता. सौम्य होता, थोडा धातूचा, आणि मिस्त्रींच्या चांगल्या ओळखीचा. गॅरेजातल्या कुठल्याच डब्याचा मात्र नव्हता. ते ओळखायला त्यांना मिनिटभर लागलं. लहानपणी घरी ज्या खोलीत ते झोपत, त्या खोलीला हा वास होता.

तरी वासावर विसंबायचं नाही, म्हणून त्यांनी चहाचा काचेचा ग्लास धुऊन पाण्याने भरला. नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल दोन थेंब टाकलं. हे नावापुरतंच ऑइल, पाण्यात साखरेसारखं विरघळतं. विरघळलं. मग दुसऱ्या ग्लासात डबीतलं टाकलं. थोडं विरलं आणि बाकीचं वर येऊन गोल गोल डोळ्यांसारखं तरंगत राहिलं.

मिस्त्री डिकीकडे गेले. उजव्या खणात ताईंचा संसार होता: छत्री, चप्पल, मोजपट्टी, फडकं. पाच महिन्यांपूर्वी दिलेला ब्रेक ऑइलचा डबा होता, आणि तो गळ्यापर्यंत भरलेला होता. पाच महिन्यांत जेमतेम दोन चमचे कमी. आणि डबी तर दर वेळी रेषेपर्यंत भरलेली असायची. डब्याच्या मागे चोचीची छोटी प्लास्टिकची बाटली होती, शिवणयंत्राच्या तेलाची. तिला पांढऱ्या कापडाचं आवरण शिवलेलं होतं, तळाला दुहेरी टाका. कापडावर डाग नव्हता.

त्यांनी बाटली टेबलावर आणून ठेवली आणि तिच्यावर फडकं टाकलं. मग पंक्चरवाल्याकडून चहा मागवला आणि तो थंड होईपर्यंत प्यायला विसरले.

खरं सांगितलं तर भाचा काय म्हणणार, हे त्यांना माहीत होतं. क्लचमध्ये शिलाईचं तेल ओतणारी बाई चौदा किलोमीटर गाडी चालवते, आणि मामा, तू तिला किल्ली देतोस? नाही सांगितलं, तर म्हणायचं की किटमधले कपच निकृष्ट निघाले. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी आपल्या कामाचं खापर सुट्या भागांवर कधी फोडलं नव्हतं. पण पहिल्यांदा फोडायला हरकत नव्हती. दुकानदाराला कुठे कळणार होतं?

हा विचार चालू असताना हातही चालू होते. एकदा तेल आत गेलं की नुसते कप बदलून भागत नाही. जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलावं लागतं: दोन्ही सिलिंडरांचे कप, धुळीच्या टोप्या, झाकणाखालची चकती आणि गिअरबॉक्सजवळची लवचीक नळी, कारण तीही आतून रबराचीच. कपांची किटं हाताशी होती. नळीसाठी मिस्त्री सायकलने जुन्या बाजारात गेले आणि त्याच आट्यांची, वीतभर लांब असलेली दुसऱ्या गाडीची नवी नळी घेऊन आले. लोखंडी नळी आणि डबी स्पिरिटने तीनदा धुतली, पंपाने हवा मारून सुकवली. चौथ्यांदा धुतलेलं स्पिरिट ग्लासात पाण्यावर टाकून पाहिलं. एकही डोळा वर आला नाही. सिलिंडरच्या आत त्यांनी करंगळी फिरवली. ओरखडा नव्हता. नवे कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनीच बसवले. रबराला ते पेचकस लावत नाहीत.

अकरा वीसला ताई आल्या. दोन गल्ल्या चालत, खांद्याला पिशवी, चष्मा डोक्यावर.

"काय रे धाकट्या, पेशंट जगणार का?"

"जगेल. बस आत. पाय लागणार आहे तुझा."

"कोणता? डावा चांगला आहे, उजवा जरा रुसलाय."

"क्लचला डावाच लागतो, ताई. साठ वर्षं गाडी चालवल्यासारखी बोलतेस आणि…"

"तीस. नवरा साठ वर्षं चालवतो तितकी तीस वर्षांत चालवली."

नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली पाना धरून. खालचा सांगतो, वरचा करतो. मिस्त्रींनी खालच्या सिलिंडरच्या तोंडाला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बरणीत सोडलं आणि कोऱ्या पानावर उताणे झाले.

"दाब."

"दाबलं."

"धर." त्यांनी पाना पाव फेरा फिरवला. नळीतून बुडबुडे सरसर बरणीत गेले. पाना बंद. "सोड."

"सोडलं. शाळेतली कवायत झाली ही."

"दाब. धर… सोड."

असं आठ-नऊ वेळा झालं. मध्ये मध्ये उठून ते डबीत ऑइल भरत होते. दहाव्या वेळी बुडबुडे कमी झाले. मिस्त्रींना वाटलं, ताईंचं तोंड दिसत नाहीये तोवरच विचारून घ्यावं.

"दाब. ताई, डबीत शेवटचं काय घातलंस तू?"

वरून पेडल तळापर्यंत गेलं.

"धरून ठेवू की सांगू?"

"दोन्ही कर."

"मशीनचं तेल घातलं," ताई म्हणाल्या. "का?"

"मी ऑइलचा डबा दिला होता ना?"

"तो? तो विषारी आहे! पहिल्यांदा भरताना जरासा बाहेर सांडला, तर पुसेपर्यंत रंग उठून आला. तू येऊन तिथे रंगाचा ठिपका लावलास, आठवतं? मी म्हटलं, जे रंग खातं ते रबर सोडेल का? माझं तेल पंचावन्न वर्षं वापरतेय. पांढऱ्या कापडावर सांडलं तरी धुतल्यावर डाग राहत नाही. जरा कमी दिसलं की तेच घालायची. दर रविवारी. नेमाने."

मिस्त्रींना ठिपका आठवला. मडगार्डच्या आतल्या कडेला, अंगठ्याएवढा. दगड लागला असेल असं धरून त्यांनी विचारलंही नव्हतं.

"सोड," ते म्हणाले. "ताई, उलटं आहे. ते रंग खातं, पण या रबराला काही करत नाही. आणि तुझं तेल रंगाला काही करत नाही, पण हे रबर त्यात फुगतं. फुगलं की दट्ट्या अडकतो, कड सुटते, गळती लागते."

"असं कसं?"

"तसंच आहे. जे लोकर आटवतं ते सुती कापडाला आटवतं का?"

हे ताईंना एका क्षणात कळलं. त्यांनी पाय पेडलवरून काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझं काम चांगलं होतं."

"पहिलं होतं."

"आणि मी पाच महिने तुला नावं ठेवली."

"मनात?"

"मनात कशाला? बसमध्ये, कार्यशाळेत, पट्टा बांधायला आलेल्या माणसांसमोर. एकाला तर सांगितलं, माझा भाऊ आहे म्हणून जाते, नाहीतर पायरी चढले नसते."

"माझ्या गॅरेजला पायरी नाहीये."

"म्हणूनच जाते."

पुढची पाच मिनिटं फक्त दाब, धर, सोड. शेवटी बरणीत एकसंध, फिकट पिवळी धार आली. मिस्त्रींनी तोंड घट्ट केलं, टोपी बसवली, बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "पाचला तो येईल. मी सांगतो की किटमधलं रबर खराब होतं. तू काही बोलू नकोस."

ताईंनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. पिशवीतून एक अर्धवट पट्टा काढला, स्टुलावर बसल्या आणि शिवायला लागल्या. मिस्त्रींनी गाडी दोनदा बाजारच्या चढावर नेऊन आणली. तीन वाजता ती परत पानावर उभी राहिली.

भाचा चार अठ्ठावन्नला आला. कामावरूनच आला होता, हातात तपासणीची चामडी बॅग. आईकडे पाहून मान हलवली, मामाला काही न विचारता गाडीत बसला आणि पेडल वीस वेळा दाबलं, मोजून. एकविसाव्या वेळी तळापर्यंत दाबून घड्याळ बघत पाय दोन मिनिटं तसाच ठेवला. पेडल खचलं नाही. मग उतरला, गुडघ्यांवर बसून टॉर्चने खालचं पान पाहिलं. दोन तासांचं पान कोरं होतं.

"काम झालंय," तो म्हणाला. "पण ते मागच्या दोन वेळीही झालं होतं. कारण काय होतं, मामा?"

"किट," मिस्त्री म्हणाले. "त्यातलं रबर खराब निघालं."

"तिन्ही वेळा?"

"हो… म्हणजे, दोनदा."

"मग आता घातलेलं कुठलं आहे?"

मिस्त्रींनी टेबलावरच्या रिकाम्या पुडीकडे पाहिलं. त्याच कंपनीची, त्याच दुकानातली होती. भाच्यानेही पाहिली.

"म्हणजे कारण सापडलेलं नाही," भाचा हळू आवाजात म्हणाला आणि खिशातून फोन काढला. "मामा, राग मानू नकोस. उद्या सकाळी मी…"

"त्या फडक्याखाली बघ," ताई म्हणाल्या. सुईवरची नजर त्यांनी वर केली नाही. "बाटली आहे. क्लचच्या डबीत मशीनचं तेल मी ओतलं. दर रविवारी. तुझा मामा खोटं बोलतोय, आणि त्याला धड तेही येत नाही."

भाच्याने फडकं उचललं. बाटली पाहिली, तिचं आवरण पाहिलं. दोन ग्लास तसेच होते, एकात डोळे तरंगत होते. मिस्त्रींनी फुगलेला कप आणि नवा कप शेजारी शेजारी ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझंही चुकलं. दुसऱ्या वेळी मास्टर उघडला असता तर तेव्हाच कळलं असतं. आपलंच काम म्हणून उघडला नाही."

भाच्याने दोन्ही कप मोजपट्टीवर धरले, वास घेतला, पुन्हा ग्लास पाहिले. मग फोन खिशात टाकला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं चालत नाही," ताई म्हणाल्या.

"आई, जे रंग खातं ते रबर खाईल, हा विचार चुकीचा आहे, पण डोकं चालत असल्याशिवाय सुचत नाही." तो बॅगेकडे वळला. "कारण सापडलं की कुलूप काढायचं, हाही नियमच आहे. फक्त त्यानंतर तीस दिवस रोज नोंद."

बॅगेतून त्याने बारीक तार, शिशाची एक गोळी आणि चिमटा काढला. लिफ्टच्या सुरक्षेच्या भागाला कुणी हात लावू नये म्हणून ते असा शिक्का मारतात. त्याने तार डबीच्या झाकणावरून ओवून ब्रॅकेटला अडकवली, गोळीत धरली आणि चिमटा दाबला. शिशावर आकडा उमटला.

"माझ्या गाडीला कुलूप घालतोस?" ताई उठल्या.

"गाडीला नाही, तुझ्या हाताला. पातळी बाहेरून दिसते. कमी झाली तर झाकण मामा उघडेल."

"आणि मामाच्या हाताला कोण घालणार?"

"दुसऱ्यांदा मास्टर न उघडल्याबद्दल? त्याला रोज यावं लागेल, नोंद करायला. तेवढं पुरे."

मिस्त्री म्हणाले, "मंजूर."

"तुला कोणी विचारलंय?" ताई म्हणाल्या. त्यांनी झाकणावरची तार बोटाने खेचून पाहिली. सुटत नाही याची खात्री झाल्यावर पट्टा पिशवीत घातला, मशीनच्या तेलाची बाटली उचलून फडक्यात गुंडाळली आणि तीही पिशवीत टाकली. "ही घरी लागते."

भाच्याने तीस चौकोनांचं एक छापील पत्रक बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं. वर गाडीचा नंबर लिहिला, खाली सही केली. लिफ्टच्या पत्रकात जिथे मजल्यांची संख्या लिहायची असते, ती जागा रिकामी सोडली. ताई ड्रायव्हरच्या जागी बसल्या, पेडल दाबलं, रिव्हर्स गिअर टाकला. आवाज झाला नाही. गाडी रॅम्पवरून उतरली आणि गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळली. पंक्चरवाल्याने टायरमधून डोकं वर काढून विचारलं, "आता परत कधी?"

"बोलावल्याशिवाय नाही," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी जमिनीवरचं कोरं पान उचललं, घडी केली आणि भाच्याच्या हातात दिलं. मग टेबलावरचे पाने एकेक करून बावीस खणांत घातले, गुंडाळी बांधली.

मंगळवारी कार्यशाळेत मापाचा पहिला माणूस नऊ वाजता बसेल. ताई सात चाळीसला घरून निघतात. त्याआधी, सात पस्तीसला, मिस्त्री टॉर्च घेऊन बॉनेटजवळ असतील आणि पत्रकातल्या पहिल्या चौकोनात डबीतली पातळी लिहितील.